'गिट पुल' नंतरचा शुक्रवार : एका महाविद्यालयाच्या मूडल सर्व्हरचं प्रकरण

हे प्रकरण सप्टेंबर २०२३ मधलं आहे. महाविद्यालय आणि माणसं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. थेट गिटमधून (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतून) सर्व्हरवर सॉफ्टवेअर उतरवणारे आणि तिथूनच अपडेट करणारे बरेच जण आपल्याकडे छोट्या संस्थांत काम करतात, बहुतेक एकटेच. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं अनुदानित महाविद्यालय. २०२० च्या जूनमध्ये वर्ग ऑनलाइन भरवायची वेळ आली, तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने पैसे न घेता भाड्याच्या सर्व्हरवर मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवण्याचं सॉफ्टवेअर, बसवून दिलं. सर्व्हरवर उबुंटू २०.०४ (ऑपरेटिंग सिस्टिम), पीएचपी ७.४ (मूडल जिच्यात लिहिलंय ती भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) होतं. झिप फाइल उतरवण्याऐवजी त्याने मूडलची गिट रेपॉझिटरी क्लोन केली, म्हणजे कोडच्या भांडाराची इतिहासासकट प्रत उतरवली. हा निर्णय चांगलाच होता. झिपने अपडेट करायचं तर जुनी डिरेक्टरी बाजूला ठेवा, नवी उलगडा, प्लगिन (जादा सुविधांचे जोड) एकेक करून परत टाका, अशी कसरत असते. गिटमध्ये नवा कोड एका आदेशात येतो, कोणती फाइल कुणी बदलली ते दिसतं आणि मागच्या जागी जाता येतं.

चूक झाली ती शाखेची, म्हणजे कोडच्या कोणत्या धारेवर राहायचं याची. मूडलच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला स्वतःची स्थिर शाखा असते : ३.९ ची वेगळी, ४.१ ची वेगळी. तिच्यात फक्त दुरुस्त्या येत राहतात. शिवाय एक मुख्य शाखा असते, जिच्यावर पुढची आवृत्ती घडत असते. तेव्हा तिचं नाव 'मास्टर' होतं, आता 'मेन' आहे. क्लोन करताना शाखेचं नाव दिलं नाही, तर ही मुख्य शाखाच उतरते. इथे नाव दिलेलं नव्हतं.

हे तेव्हा कुणाच्या लक्षात का आलं नाही, हेही समजून घ्यायला हवं. मूडल ३.९ हे १५ जून २०२० रोजी आलं. त्या आठवड्यांत मुख्य शाखा आणि ३.९ यांत फारसा फरकच नव्हता. सगळं नीट चाललं. हा कोड स्थिर नाही अशी सूचना बसवताना मूडल देतंच, पण गडबडीत तिला 'हो' म्हटलं गेलं. पुढे दीड वर्ष तो मुलगा अधूनमधून 'गिट पुल' करत (शाखेवरचे नवे बदल उतरवून घेत) राहिला आणि दर वेळी थोडा थोडा पुढच्या, अर्धवट आवृत्तीत जात राहिला. शेवटचं अपडेट जानेवारी २०२२ मध्ये झालं. मग त्याला नोकरी लागली, तो गाव सोडून गेला. साइटवर आवृत्ती लिहिलेली होती '४.० डेव्ह', म्हणजे अजून घडत असलेली ४.०. खरं ४.० आलं १९ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे त्यानंतर तीन महिन्यांनी.

आणखी तीन गोष्टी त्याने मागे ठेवल्या होत्या. लॉगिनच्या पानावरच्या मराठी सूचना त्याने मूडलच्या मूळ टेम्प्लेट फाइलमध्येच (पानाच्या साच्यात) लिहिल्या होत्या. हजेरीचं आणि प्रमाणपत्राचं अशी दोन प्लगिनं त्याच डिरेक्टरीत आत क्लोन केलेली होती. आणि सगळ्या फाइल्सची मालकी त्याच्या खात्याकडे होती. यातलं काहीच कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

अडचण

गणपती आठ-दहा दिवसांवर आले होते. सोमवारी दुसऱ्या वर्षाची अंतर्गत चाचणी मूडलवर व्हायची होती. संगणक प्रयोगशाळेच्या सहाय्यकांनी मूडलमधल्या सुरक्षा त्रुटींबद्दल वाचलं होतं. आपली साइट पावणेदोन वर्षं अपडेट झालेली नाही हे त्यांना दिसत होतं, आणि ती चाचणीआधी नीट करावी असं त्यांना वाटलं. त्यांचा हेतू योग्यच होता. शुक्रवारी दुपारी प्रात्यक्षिकं संपल्यावर त्यांनी टर्मिनल उघडलं.

पहिल्या पुललाच गिटने नकार दिला : डिरेक्टरीची मालकी दुसऱ्याची आहे, मालकी संशयास्पद आहे. ही तपासणी एप्रिल २०२२ मध्ये, २.३५.२ या आवृत्तीत गिटमध्ये आली, आणि उबुंटूने ती आपल्याकडच्या जुन्या गिटमध्येही आणली. म्हणजे आधीच्या मुलाला हा नकार कधी दिसलाच नव्हता. सहाय्यकांनी नेटवर शोधलं, तर 'सुरक्षित डिरेक्टरी'च्या सेटिंगमध्ये तारांकन टाका, असा उपाय मिळाला. तो केला.

दुसऱ्यांदा पुल केलं. आता गिट म्हणालं, स्थानिक बदल आहेत, ते पुसले जातील, आधी कमिट करा (इतिहासात नोंदवा) नाहीतर स्टॅश करा (तात्पुरते बाजूला ठेवा). त्यांनी स्टॅश केलं. तिसऱ्या पुलला मात्र वीस महिन्यांचे बदल एका दमात उतरले. मग स्टॅश परत काढायला गेले, तर लॉगिनच्या टेम्प्लेटमध्ये संघर्ष आला (एकाच जागी दोन वेगळे बदल) आणि फाइलमध्ये गिटच्या बाणांच्या खुणा पडल्या. साइट उघडेना. अपडेट पुरं झालं नसेल म्हणून त्यांनी मूडलचा अपग्रेडचा आदेश चालवला. त्याने सांगितलं, पीएचपी किमान ८.० हवं, इथे ७.४ आहे. आणि तो थांबला.

साडेपाचला मला फोन आला. "सर, फक्त अपडेट केलं होतं. आता पीएचपी वाढवायला सांगतंय. वाढवू का?"

मी म्हटलं, कशालाही हात लावू नका, मी येतो सर्व्हरवर.

पहिला अर्धा तास : काय शाबूत आहे?

अशा वेळी बोटं शिवशिवतात, पण आधी कळायला हवं होतं की तुटलं नेमकं काय. मूडलचे तीन भाग असतात : कोड, डेटाबेस, आणि विद्यार्थ्यांनी चढवलेल्या फाइल्सची डेटा डिरेक्टरी. गिट यांतला फक्त कोड सांभाळतं. कोड पुढे गेला तर तो मागे आणता येतो. पण डेटाबेस एकदा पुढच्या आवृत्तीत गेला की मूडलला त्याला मागे आणण्याची वाटच नाही. जुना कोड लावला तर आवृत्ती खाली नेता येणार नाही असं सांगून ते अडून बसतं. म्हणून सगळं या एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं : अपग्रेड डेटाबेसला हात लावण्याआधी थांबलं, की नंतर?

क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं, बंद केला. डेटा डिरेक्टरीत देखभालीच्या सूचनेची फाइल हाताने ठेवली, म्हणजे विद्यार्थ्यांना त्रुटीऐवजी 'दुरुस्ती चालू आहे' असं दिसेल. मूडल अशी फाइल सुरुवातीलाच शोधतं, त्यामुळे बाकीचं काही चालत नसलं तरी बहुधा हा मार्ग चालतो. मग मायएसक्यूएलमध्ये शिरून मूडलच्या कॉन्फिग टेबलमधला आवृत्तीचा आकडा पाहिला. मूडलचा हा आकडा तारखेवरून बनतो, त्यामुळे नुसत्या नजरेनेही अंदाज येतो. त्याची सुरुवात २०२२ ने होत होती. अपग्रेडच्या नोंदींच्या टेबलमध्येही त्या दिवशीची एकही ओळ नव्हती. पीएचपीच्या अटीने अपग्रेडला दारातच अडवलं होतं आणि डेटाबेस जसाच्या तसा होता.

त्या संध्याकाळी सगळं वाचलं ते या एका अटीमुळे. सर्व्हरवर पीएचपी ८ असतं, तर डेटाबेस निमूटपणे ४.३ च्या अर्धवट आवृत्तीत गेला असता.

तरीही पुढचं काही करण्याआधी डेटाबेसचा डम्प (पूर्ण प्रत असलेली फाइल) काढला आणि सर्व्हरबाहेर नेऊन ठेवला. महाविद्यालयाकडे स्वतःचा एकही बॅकअप नव्हता, हे तेव्हाच कळलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सहाय्यकांच्या मनातला : बाहेरच्या पॅकेज भांडारातून पीएचपी ८ आणायचं आणि अपग्रेड पुरं करायचं. दोन आदेशांचं काम, अर्ध्या तासात साइट उभी. पण उभी राहिली असती ती अजून प्रसिद्धच न झालेल्या आवृत्तीवर, आणि परतीची वाट कायमची बंद करून. दोन्ही प्लगिनं तिच्यावर चालतील का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. चाचणी दोन दिवसांवर होती.

दुसरा : सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा साप्ताहिक स्नॅपशॉट (अख्ख्या सर्व्हरची प्रत), मागच्या रविवारचा. तो परत लावला असता तर सोमवार ते शुक्रवार जमा झालेले गृहपाठ गेले असते. डेटाबेस शाबूत आहे हे कळल्यावर याची गरजच उरली नाही.

तिसरा पर्याय मला स्वतःला मोह घालत होता. कोड मागे नेऊन त्याच रात्री नीट स्थिर शाखेवर, ४.१ वर जायचं. ४.१ ला पीएचपी ७.४ चालतं, ती दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, सुरक्षा दुरुस्त्या डिसेंबर २०२५ पर्यंत मिळणार होत्या. दिशा बरोबर होती, पण वेळ नव्हती. विकासातल्या कोडवरून स्थिर शाखेवर उडी मारताना डेटाबेसची रचना जुळेलच अशी खात्री नसते, ती आधी प्रतीवर पाहावी लागते.

चौथा : फक्त कोड जानेवारी २०२२ च्या जागी न्यायचा, आजवर होती तशी साइट चालू करायची, चाचणी होऊ द्यायची आणि स्थलांतर गणपतीच्या सुट्टीत करायचं. सुरक्षेच्या त्रुटी आणखी दोन आठवडे तशाच राहणार होत्या. पावणेदोन वर्षं त्या होत्याच, दोन आठवड्यांचा धोका मोजून घेता येत होता.

प्राचार्य मॅडमना फोनवर चारही पर्याय सांगितले. त्यांनी एकच विचारलं, "मुलांनी जमा केलेलं काही जाणार नाही ना?" चौथ्या पर्यायात जाणार नव्हतं. तोच ठरला. चाचणी कागदावर घेण्याची तयारीही ठेवा, असं त्यांनी परीक्षा समितीला कळवलं. हे मला सुचलं नव्हतं.

शुक्रवारी रात्री केलेली कृती

'गिट रिफ्लॉग' पाहिला. सर्व्हरवरचा कोड कधी कुठून कुठे गेला याची ही रोजनिशी गिट आपण न सांगताही ठेवतं. पुलच्या आधीचा कमिट (कोडच्या त्या स्थितीची नोंद) तिथे मिळाला. त्या कमिटमधली आवृत्तीची फाइल 'गिट शो'ने उघडून तिच्यातला आकडा डेटाबेसमधल्या आकड्याशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. मग 'हार्ड रीसेट', म्हणजे सगळा कोड त्या कमिटवर परत.

इथे दोन गोष्टींनी धाकधूक होती. एक म्हणजे स्टॅश. पण स्टॅश परत काढताना संघर्ष आला, तर गिट तो यादीतून काढत नाही. तो यादीत होता, जुन्या कमिटवर लावला, विनातक्रार बसला. दुसरी प्लगिनं. गिटच्या लेखी ती 'अनट्रॅक्ड' (नोंदीत नसलेली) होती, त्यामुळे हार्ड रीसेटने त्यांना धक्का लागला नाही. सफाई म्हणून कुणी 'गिट क्लीन' (नोंदीत नसलेल्या फाइल्स पुसणारा आदेश) जोर लावून चालवलं असतं, तर मात्र ती धोक्यात आली असती. म्हणून आधीच त्या दोन डिरेक्टऱ्यांची प्रत काढली होती.

पीएचपी सेवा रीलोड केली, नाहीतर ऑपकॅशमधला (पीएचपीने मेमरीत साठवलेला) कोड मध्येच डोकावतो. मूडलची कॅशे साफ केली, क्रॉन सुरू केला, देखभालीची फाइल काढली. साडेआठच्या सुमारास साइट उघडली. सहाय्यकांनी विद्यार्थ्याच्या खात्याने नमुना चाचणी सोडवून पाहिली. सोमवारची चाचणी मूडलवरच झाली.

त्याच रात्री सहज ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्यापुढे गिटच्या लपवलेल्या डिरेक्टरीचं नाव घालून पाहिलं, तर तिची कॉन्फिग फाइल समोर उघडली. म्हणजे सर्व्हरवर नेमका कोणता कमिट आहे हे जगात कुणालाही पाहता येत होतं, आणि त्यावरून कोणती त्रुटी उघडी आहे हेही. मूडलचा कोड जाहीरच असतो, तेव्हा कोड उघडा पडण्याची भीती नव्हती. पण संस्थेचा स्वतःचा कोड असता, किंवा रिमोटच्या (कोड जिथून येतो त्या भांडाराच्या) पत्त्यात कुणी पासवर्डसारखं टोकन लिहून ठेवलं असतं, तर तेही बाहेर गेलं असतं. अपाची या वेब सर्व्हरमध्ये या डिरेक्टरीचं दार बंद करायला काही ओळी लागतात. गिटमधून काहीही बसवलं असेल, तर हे आजच तपासा.

गणपतीच्या सुट्टीतलं स्थलांतर

चालू डिरेक्टरीत शाखा बदलायची नाही, हे आधी ठरवलं. शेजारी नवी डिरेक्टरी केली आणि तिच्यात ४.१ ची स्थिर शाखा नाव देऊन क्लोन केली. प्लगिनांच्या ४.१ ला चालणाऱ्या शाखा तिच्यात आणल्या. डेटाबेसची आणि डेटा डिरेक्टरीची प्रत काढली, वेगळ्या पत्त्यावर चाचणी साइट उभी केली. तिच्या कॉन्फिग फाइलमध्ये सगळ्यात आधी ईमेल बंद केले. ही ओळ विसरली की प्रतीवरची साइट खऱ्या विद्यार्थ्यांना खरे ईमेल पाठवू लागते.

प्रतीवर अपग्रेड चालवलं, ते पुरं झालं. मग मूडलची डेटाबेस रचना तपासणारी स्क्रिप्ट चालवली, जी विकासातल्या कोडवरून आलेल्या साइटसाठी मी टाळूच शकत नव्हतो. तिने पूर्वी कधीतरी काढून टाकलेल्या एका प्लगिनचं उरलेलं टेबल दाखवलं, बाकी रचना जुळत होती. चाललं कारण आमचा डेटाबेस ४.० च्या आधीचा होता आणि ४.१ त्याच्या पुढचं. शुक्रवारी तो ४.३ च्या अर्धवट आवृत्तीत गेला असता, तर ४.३ ची स्थिर शाखा येईपर्यंत कुठल्याच स्थिर शाखेवर जाता आलं नसतं. ती आली ९ ऑक्टोबरला.

लॉगिनच्या पानावरचा मराठी मजकूर यावेळी कोडमध्ये घातलाच नाही. मूडलमध्ये प्रमाणीकरणाच्या सेटिंगमध्ये अशा सूचनांसाठी जागा आहे, तिथे तो टाकला. तो डेटाबेसमध्ये राहतो, पुढच्या पुलला आडवा येत नाही.

खऱ्या साइटवर हेच सगळं गौरी विसर्जनानंतरच्या सकाळी केलं. देखभाल, डम्प, अपग्रेड, आणि सिमलिंक (डिरेक्टरीकडे बोट दाखवणारा दुवा) जुन्या डिरेक्टरीवरून नव्यावर. कोडच्या मालकीसाठी स्वतंत्र खातं केलं. वेब सर्व्हरला कोड फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. तारांकनाची ती सेटिंग काढून टाकली. मालकी बरोबर असेल तर तिची गरज पडत नाही.

परिणाम

त्यानंतर सहाय्यक महिन्यातून एकदा अपडेट करतात. आधी डम्प, मग सध्याच्या कमिटचा क्रमांक वहीत, मग पुल, मग अपग्रेड. स्थिर शाखेवर हे काम काही मिनिटांचं असतं आणि पीएचपीची अट मध्येच बदलत नाही. २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत उबुंटू २०.०४ ची नेहमीची मुदत संपत आली होती आणि ४.१ चीही जवळ होती, म्हणून २२.०४ वर नवा सर्व्हर घेऊन मूडल ४.५ वर गेलो. ४.५ ला पीएचपी ८.१ लागतं, ते २२.०४ मध्ये मुळातच असतं. प्रतीवरची तालीम यावेळी सहाय्यकांनी एकट्याने केली.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठा निर्णय जून २०२० मध्ये क्लोनच्या एका ओळीत झाला, आणि आपण काही ठरवतोय हे ठरवणाऱ्याला माहीतच नव्हतं. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने फुकट काम केलं आणि शेकडो मुलांचं वर्ष वाचवलं. पण काम हाती घेताना संस्थेने एक पान लिहून मागायला हवं होतं : कोणती शाखा, कोणती प्लगिनं, मूळ फाइलमध्ये काय बदललं. हे पान तो जाताना कुणी मागितलं असतं, तरी पुढचा शुक्रवार टळला असता.

त्या शुक्रवारी गिटने दोनदा थांबवलं होतं, मालकीवरून आणि स्थानिक बदलांवरून. दोन्ही वेळा 'हे कसं ओलांडायचं' असा शोध घेतला गेला, 'हे का म्हणतंय' असा नाही. 'गिट स्टेटस' ने तेव्हाच दाखवलं असतं की आपण मास्टरवर आहोत. पुल करण्याऐवजी आधी 'फेच' करून (बदल फक्त उतरवून, कोडमध्ये न मिसळता) काय येणार आहे ते पाहिलं असतं, तर बदलांची संख्या पाहूनच हात थांबला असता.

माझ्याही कामात एक गोष्ट राहिली. शुक्रवारी डेटाबेसचा डम्प घेतला, पण डेटा डिरेक्टरीची प्रत घेतली नाही, कारण ती मोठी होती आणि मला घाई होती. काही बिघडलं नाही. पण मुलांचे गृहपाठ तिथेच असतात, आणि प्राचार्य मॅडमनी विचारलं होतं ते नेमकं त्याबद्दलच. आज तीच वेळ आली, तर साइट तासभर उशिरा उघडेल, पण प्रत आधी घेईन.

एका प्रश्नावर सहाय्यकांचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, सर्व्हरने स्थिर शाखेऐवजी ठरावीक टॅगवर (एकाच आवृत्तीला दिलेल्या न हलणाऱ्या खुणेवर) राहावं, म्हणजे पुलने नकळत काही येणारच नाही. मला शाखा बरी वाटते, कारण टॅग बदलायचा राहून जातो आणि त्रुटी महिनोन्‌महिने उघड्या राहतात. नव्या सर्व्हरवर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टॅग ठेवला आहे. टॅग बदलायची तारीख वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लाल शाईने लिहून ठेवली आहे.